घरी बसू नका

माझा धाकटा भाऊ रणजित गेल्या हिवाळ्यात सांगलीतल्या एका रुग्णालयात वारला. तो रॉक बँडमध्ये गायचा. त्याला स्वरयंत्राचा कर्करोग होता. मी एका दैनिकात उपसंपादक आहे. जे पाहिलं, ऐकलं तेवढंच इथे लिहिते.

निदानाआधी कित्येक महिने त्याचा आवाज बसलेला होता. आमच्याकडे साताऱ्यात आवाज बसणं हा आजार धरत नाहीत. आई मीठ-हळदीच्या गुळण्या करायला लावायची. शेजारणीने ज्येष्ठमध आणून दिलं. कार्यक्रमांचा आयोजक शेखर तर खूश होता. "बसू दे की रं, लय भारी लागतोय," असं तो म्हणायचा.

खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा लॅरिंगोस्कोपी झाली, म्हणजे नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र पाहिलं. मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी. डॉक्टर म्हणाले, "स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज जाईल, पण जीव वाचू शकतो. थांबू नका."

शेखर कंदी पेढे घेऊन रुग्णालयात आला. बाकड्यावर बसून त्याने पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "गड्या, दौरा झाला की काढ. हा आवाज परत मिळायचा न्हाई."

रणजितने ऑपरेशन पुढे ढकललं. आईला आजाराचं सांगायचं राहिलं होतं. तिने ते पोवई नाक्यावरच्या फलकावर वाचलं : ‘कॅन्सरशी झुंज. शेवटचा दौरा.’

सांगलीच्या कार्यक्रमात त्याला श्वास घेता येईना. ट्रॅकिऑस्टॉमी करावी लागली, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली. गाठ आता काढण्यापलीकडे गेली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं.

शेखरने एका वाहिनीचा बातमीदार वॉर्डात आणला. रणजितने मुलाखत एका अटीवर दिली. त्याला एकच गोष्ट सांगायची होती आणि ती वाहिनीने पूर्ण दाखवायची होती. बातमीदार हो म्हणाला. मग त्याने माइक नळीपाशी धरला आणि कॅमेरामनला म्हणाला, "घरघर नीट येऊ दे." नळीतून कफ आला. कॅमेरा चालूच राहिला. मी नर्सला बोलावलं.

कफ काढल्यावर रणजितने नळीच्या तोंडावर बोट दाबलं आणि जेमतेम ऐकू येईल असं बोलला : "आवाज बसला म्हणून घरी बसू नका. घसा दाखवा. मी उशिरा दाखवला."

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, हे छापशील?"

ते त्याचं शेवटचं बोलणं. पुढच्या आठवड्यात तो गेला.

मुलाखत दाखवली त्यात घरघर होती. वाक्यातले तीनच शब्द होते. मी फोन केला तेव्हा बातमीदार म्हणाला, "मॅडम, बाकीचं उदास वाटत होतं."

सांगलीत विश्रामबागच्या चौकात शेखरचा नवा फलक लागला. वर रणजितचा फोटो, गळ्यातली नळी पुसून टाकलेला. खाली अवतरणचिन्हांत ‘घरी बसू नका!’ आणि श्रद्धांजली कार्यक्रमाची तिकिटं कुठे मिळतील तो पत्ता.

कार्यक्रम झाला. सभागृह भरलं होतं.