भाऊजींचा चहाचा बंब

"मावशी, बाबा गेले... चहा पिऊन खुर्चीत बसले होते, तसेच गेले." देऊळगाव राजाहून भाच्याचा फोन आला, तेव्हा साखरखेर्ड्याला माझी शाळेत निघायची गडबड चालली होती. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हेच, की चला, चहा तरी पिऊन गेले. दिनकर भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, चहा न घेता गेले असते तर मला फार लागलं असतं.

त्यांच्या बंबाविषयी सांगायलाच हवं. न्हाणीतला तांब्याचा बंब ज्यांनी पाहिलाय, त्यांनी तो पाणी प्यायच्या तांब्याएवढा लहान झालेला डोळ्यांसमोर आणावा. मधोमध नळकांडं, त्यात काडक्या जाळायच्या, भोवतीच्या पोकळीत पाणी आणि बाजूला एक तोटी. जालन्याच्या कारागिराकडून मुद्दाम घडवून आणलेला. अंगणातल्या कडुलिंबाखाली पडलेल्या मूठभर काडक्या पुरायच्या, आणि नळकांड्याच्या तोंडावर दुधाचं पातेलं ठेवलं की तेही तापायचं. कचेरीत एक कागद हलवायला दुपार घालवणारा हा माणूस बंबापुढे मात्र भलताच चपळ.

ताईला चुलीचा धूर सोसत नसे. नवी नवरी खोकत खोकत चहा करायची, आणि आईदेखत मुलानं चूल फुंकायची तर गावभर हसू झालं असतं. म्हणून भाऊजींनी हे खेळणं काढलं आणि घरात जाहीर केलं, याला कोणी हात लावायचा नाही, बिघडतो. त्यांच्या आई म्हणाल्या, "लहानपणी खेळला नाही, आता खेळून राह्यला. खेळू द्या त्याले." झालं. तेव्हापासून ताईचा सकाळचा चहा अंगणातून येऊ लागला. मी एकदा चिडवलं, "भाऊजी, बायकोचे लाड चाललेत म्हणून सरळ सांगा ना." तर इकडंतिकडं बघत म्हणाले, "हळू बोल वं. आईले ऐकू जाईन."

मुंग्या शिरू नयेत म्हणून तोटीला मक्याच्या कणसाचं बूच लावलेलं असे. एकदा पाहुण्यांपुढे बंबाची तारीफ करण्याच्या नादात ते काढायचंच राहिलं... फाडकन आवाज झाला आणि बूच थेट आईंच्या वाळत घातलेल्या पापडांत जाऊन पडलं. पाहुणे दचकून उभे राहिले. भाऊजी शांतपणे म्हणाले, "पाणी उकळलं."

तेरवी झाली, पाहुणे पांगले, तरी ताई चहाला शिवेना. भाचा गॅसवर करून द्यायचा, ती कप बाजूला सारायची. मला धास्तीच बसली. आज चहा सोडला, उद्या जेवण सोडेल. ज्या बाईसाठी एवढा बंब घडवला तिनंच चहा टाकावा, हे काही मला बघवेना. शेवटी एका सकाळी मी बंब घेऊन अंगणात बसले. बूच काढलं, पाणी भरलं, पण काडक्या नुसत्या धुमसत राहिल्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. ताई दारात उभी राहून बघत होती.

"सरक," ती म्हणाली.

ओल्या काडक्या तिनं उपसून टाकल्या, बारीक वाळक्या घातल्या, खालचं भोक वाऱ्याकडे फिरवलं आणि आगपेटीच्या एकाच काडीत जाळ केला. मी बघतच राहिले.

"तुले येते?"

"पहिल्यापासून येते. ते कचेरीत गेले की मी करून पाहो."

"मंग त्यायले सांगितलं काऊन नाही?"

"काऊन सांगू? मंग मले चहा कोणी करून देल्ला असता?"

आणि हसली. भाऊजी गेल्यानंतर पहिल्यांदाच. मलाही हसू आलं, आणि हसता हसता रडू आलं. एवढा जन्म दोघं एकमेकांना फसवत किती सुखात राहिली...

चहा झाला, कप तिनं दोन्ही हातांत धरला. मग एक घोट घेतला, दुसरा घेतला, सगळा संपवला. "त्यायच्यासारखा नाही झाला," म्हणाली. बंब निवल्यावर राख झटकली, तोटीला बूच बसवलं आणि उठता उठता मला बजावलं, "उद्याच्याले काडक्या आताच वेचून ठेव. वाळक्या पाह्यजो."