रास अल हानूत आणि आमच्या अम्मीचं नाक

भावाने मोरोक्कोची मुलगी पसंत केली म्हणून आम्ही कतार पाहिलं, नाहीतर रत्नागिरीतून उठून दोह्याला कोण फिरायला जातं? "परकी सून नको," म्हणून अब्बा आलेच नाहीत. अम्मी आली, ती नकार द्यायला.

भाऊ, म्हणजे इम्रान, दोह्यात अल हिलाल भागात राहतो. पहिल्याच संध्याकाळी त्याची सलमा चिकन घेऊन आली. वर सुके आलुबुखारे आणि दालचिनी-गुलाबाचा घमघमाट.

"कोंबडीला अत्तर लावलंय," अम्मी पुटपुटली.

"काय म्हणाल्या?" सलमाने मला इंग्रजीत विचारलं.

"वास छान आहे म्हणते."

त्यातल्या मसाल्याचं नाव रास अल हानूत, म्हणजे 'दुकानाचं डोकं'. दुकानातला सगळ्यात भारी माल एकत्र कुटायचा आणि मटणात, रव्याच्या कुसकुसमध्ये, भाजलेल्या भाज्यांवर घालायचा. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं, आणि गुप्त.

दुसऱ्या दिवशी इम्रान "यल्ला, यल्ला, चला" करत आम्हाला आणि सलमाला सूक वाकिफ या जुन्या बाजारात घेऊन गेला. मेट्रोने जा, मुशैरिबला लाइन बदलली की पुढचंच स्टेशन. दुपारी मात्र जाऊ नका, निम्मी दुकानं बंद असतात.

तिथला मोरोक्कन दुकानदार हा मसाला दाखवत मोडक्या हिंदीत म्हणाला, "इसमें क्या है, नहीं बताता."

अम्मीने चिमूट हुंगली आणि उघड्या पोत्यांकडे बोट दाखवत सुटली. वेलची. जायपत्री. सुंठ. कंकोळापाशी दुकानदाराचं हसू मावळलं. एका वासापाशी मात्र ती अडली.

"लॅव्हेंडर," सलमा हळूच म्हणाली. "माझी आई जास्त घालायची. ती गेली, आणि प्रमाण विचारायचं राहून गेलं. आता विकतचाच आणते."

या वेळी मी शब्द न् शब्द खरा सांगितला.

अम्मीने प्रत्येक पोत्यातलं थोडंथोडं बांधून घेतलं. "वास आठवतो ना तिला? मग जमेल."

पुढचे दोन दिवस बीच नाही, म्युझियम नाही. इम्रानच्या मिक्सरने जवळजवळ प्राण सोडला. अम्मी चिमूट पुढे करायची, सलमा 'नाही' म्हणून मान हलवायची. शेवटी एकदा तिने हुंगलं आणि तिथेच फरशीवर बसून रडू लागली.

"जमलं वाटतं," म्हणत अम्मी तिच्याशेजारी बसली.

मसाला आणलात तर डब्यात घट्ट बंद करून आणा; आमच्या कपड्यांना अजून गुलाबाचा वास मारतो. घरी अम्मीने तो मटणात घातला. अब्बांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"आज काय घातलंस?"

"तुमच्या सुनेच्या आईचा मसाला."

अब्बांचा हात थांबला. त्यांनी अम्मीकडे पाहिलं, मग ताटाकडे.

"रस्सा वाढ थोडा," ते म्हणाले.