गव्हाणीचा परीक्षक

"देव पाहून राहिला!" असं म्हणताना माणसं बोट आभाळाकडे करतात. हे गृहस्थ ते समोरच्याच्या छातीला लावायचे. बाईमाणूस असेल तर बोट हवेतच थांबायचं, पण टोचल्यासारखं वाटायचंच. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. देवाने आपल्याला मुकादम नेमलं आहे, अशी त्यांची पक्की समजूत असते.

खमरियाच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरांमध्ये ते आमचे शेजारी होते, भिंतीला भिंत लागून. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते मला 'सूनबाई' म्हणायचे. क्वार्टरांच्या लाइनीतल्या सगळ्याच तरण्या बायकांना म्हणायचे, म्हणजे मग सगळ्यांशीच सासऱ्याच्या आवाजात बोलता यायचं. कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. मापाला न उतरलेला नग बाजूला काढायचा आणि त्यावर लाल फुली मारायची, हे काम. काम वाईट नव्हे, कोणीतरी करायलाच हवं. पण हे सायकलवरून घरी यायचे ते लाल रंगाचा डबा जणू डोक्यात घेऊनच. भाजी आणली तर चार वांगी रिजेक्ट. कपडे धुतले तर शर्टाची कॉलर रिजेक्ट. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू ती कॉलर पुन्हा घासायला घ्यायच्या. त्यांचा आवाज मला पहिल्या वर्षात ऐकू आल्याचं आठवत नाही.

आम्ही मराठी ख्रिस्ती. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ, वाट पाहण्याचे दिवस. माझी सुशी पाच वर्षांची, धाकटा तिच्याहून दोन वर्षांनी लहान. एवढ्याशा पोरांना वाट पाहायला शिकवायचं कसं? माझ्या आईने आम्हाला शिकवलं तसंच मी केलं. नवऱ्याने जुन्या फळ्यांची एक लहानशी गव्हाण ठोकून दिली. ती रिकामी ठेवायची. दिवसभरात काही चांगलं केलं असेल तर संध्याकाळी तिच्यात गवताची एक काडी टाकायची. बाळ येशू येईल तेव्हा त्याला खाली मऊ लागलं पाहिजे. शेजारी पितळी ताटात चार मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन. लाइनीतली हिंदू मुलंसुद्धा काडी टाकायला धावत यायची.

हेही यायचे. तपासायला.

"ही काडी कशाची?"

"मी छोटूला पेरू दिला," सुशी म्हणाली.

"अख्खा की अर्धा?"

"अर्धा."

"मग काडीबी अर्धीच." आणि खरोखर त्या माणसाने गव्हाणीतली काडी उचलली, मोडली आणि अर्धी खिशात घातली.

समोरच्या घरातल्या मुलीने आईचे पाय दाबले होते. "आपल्या मनाने दाबले का आईने सांगितलं म्हणून?" तिने खरं सांगितलं. "रिजेक्ट!" पोरगी भोकाड पसरून रडली.

"काका, लहान आहेत हो ती," मी म्हणाले.

"लहान आहेत म्हणूनच. काहून ढील देऊन राहिल्या तुम्ही? देव पाहून राहिला, सूनबाई."

चर्चमध्ये रविवारच्या शाळेत नाताळची गोष्टही तेच सांगायचे. गोष्टीत उतारशाळेचा, म्हणजे धर्मशाळेचा, मालक आला की त्यांच्या अंगात यायचं. दिवस भरलेली बाई दारात उभी आहे आणि हा म्हणतो जागा नाही! "अशा माणसाला चाबकाने फोडला पाहिजे," असं म्हणून ते टेबलावर हात आपटायचे. मुलं दचकायची. त्यांना वाटायचं, आपलंच काही चुकलं.

मग एकाहत्तरची लढाई लागली, ऐन आगमनकाळात. कारखान्यातली माणसं घरी यायची विसरली. माझा नवरा दोन पाळ्या करून यायचा आणि ताटावरच पेंगायचा. ब्लॅकआउट सुरू झाला. खिडक्यांना काळे कागद लागले. आणि आमच्या ह्या शेजाऱ्यांच्या दंडावर पट्टा आला, गळ्यात शिटी आली. लाइनीतला उजेड तपासायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. लढाई कोणाला सुखाची वाटली असेल, तर ती ह्या एका माणसाला.

त्यांची मुलगी शालिनी. तिने फौजेतल्या एका हिंदू मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून तिचं नाव त्या घरात बंद होतं. ती शहरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात भाड्याच्या खोलीत राहायची. दुसऱ्या रविवारी, दिवेलागणीच्या वेळी, ती कडेवर पोर घेऊन ह्यांच्या दारात उभी राहिली. मी माझ्या व्हरांड्यात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. मधे फक्त मेंदीचं कुंपण, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"बाबा, मीनूला ताप आहे. हे बॉर्डरवर गेले. एकटीला भीती वाटून राहिली. दोन-चार दिवस आईजवळ राहू द्या."

"इथं जागा नाही."

"आता परत कशी जाऊ? अंधार पडला, बसबी मिळणार नाही."

"आली तशी जाय."

आणि दार लागलं. आपटलं नाही, हळूच लावलं. त्याच दिवशी सकाळी ह्याच तोंडाने उतारशाळेच्या मालकाला चाबकाने फोडून झालं होतं.

मी कपडे तसेच दोरीवर टाकले आणि कुंपणापाशी गेले. "शालूताई, इकडे या," एवढंच म्हणाले. तिने मागे वळून पाहिलं नाही. सरळ आली.

तापात अंग पुसून, पेज पाजून मीनूला जरा तरतरी आली, तेव्हा आतल्या खोलीत कागद नीट लावून मी दोन मेणबत्त्या पेटवल्या. तिन्ही मुलं ताटाभोवती बसली. तेवढ्यात दारावर थाप. कडी काढताच हे बूट वाजवत आतल्या खोलीपर्यंत आले.

"फटीतून उजेड जाऊन राहिला! दुश्मनाला रस्ता दाखवता काय?"

शालिनी भिंतीशी उभी होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. वाकले आणि दोन्ही मेणबत्त्या एका फुंकरीत विझवल्या. मीनूला वाटलं कोणाचा तरी वाढदिवस आहे. तिने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच, अंधारात.

त्यांचा चेहरा मला दिसला नाही. बरंच झालं. दिसला असता तर कदाचित कीव आली असती, आणि ती मला करायची नव्हती.

"माझ्या घरच्या मामल्यात पडू नका, सूनबाई," असं म्हणून ते गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू आमच्याकडे आल्या. काखेत उशी, हातात एक पिशवी. मागे व्हरांड्यातून ह्यांचा आवाज.

"कुठं चालली?"

"शेजारी."

"कवा येशील?"

काकू चालत राहिल्या. तेव्हा ह्या गृहस्थाने काय करावं? शिटी फुंकली. लग्नाच्या बायकोवर, जोरात. अख्खी लाइन बाहेर आली. "क्या हुआ साहब? किसकी बत्ती दिख रही है?" उजेड कुठेच नव्हता. "कुछ नहीं, कुछ नहीं. चेक कर रहा था," हे म्हणाले आणि आत गेले. त्यानंतर ते गव्हाण तपासायला आले नाहीत. मुलांनी त्या आठवड्यात इतकं गवत आणलं की ते खाली सांडायला लागलं. निम्मं तरी पुण्य खोटं असणार. मी एकही काडी काढली नाही.

लढाई संपली. शालिनीचा नवरा सुखरूप असल्याचं कळलं. खिडक्यांवरचे कागद निघाले आणि नाताळच्या तोंडावर सगळ्या ख्रिस्ती घरांवर कागदी तारे लागले, आत दिवा घातलेले. ह्यांचाच व्हरांडा काळा. एका संध्याकाळी ते माझ्या दारात आले. पट्टा नव्हता. थाप न मारता नुसतेच उभे राहिले.

"सूनबाई, आमच्या घरचा तारा... ती कुठं ठेवते, विचारून सांगता का जरा?"

काकू आतल्या खोलीत होत्या. हाक मारली असती तर ओ देता आली असती, इतक्या जवळ. मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "त्यांना म्हणावं, स्वतः येऊन विचारा."

हे उंबऱ्याबाहेर उभे राहिले. चपला काढून आत यायचं, मुलीसमोरून दोन पावलं जायचं, एवढंच होतं. त्यांनी चपलांकडे पाहिलं. मग म्हणाले, "असू द्या. यंदा लढाई झाली, यंदा तारा-बिरा नको," आणि परत गेले. एवढ्याशा माणसाला इतकी मोठी अकड कशी पेलवते, हे मला अजून समजलेलं नाही.

जानेवारीत काकू शालिनीबरोबर गोरखपूरला गेल्या, त्या तिथल्याच झाल्या. हे लोकांना सांगायचे, "मीच पाठवली. नातीला कोणी पाहिजे ना." नोकरी संपेपर्यंत एकटे राहिले, कॉलर स्वतः घासली. मग नागपूरला पुतण्याकडे निघून गेले. त्यांचं सामान लादलेला ट्रक नागपूरकडे जाणाऱ्या तिलवाऱ्याच्या रस्त्याला लागला, तेव्हा आमच्या लाइनीतल्या कोणीही हात हलवला नाही. मीही नाही.

काही वर्षांनी, आगमनकाळातच, ते गेल्याची बातमी कारखान्यात कोणीतरी आणली. सांगायला मी गोरखपूरला गेले. काकू स्टोव्हजवळ बसून करंज्या तळत होत्या. आता चांगली मोठी झालेली मीनू कडा मुरडून देत होती. मी सांगितलं. दुपारी गेले, पुतण्याच्या घरी, खुर्चीत बसल्या बसल्या.

काकूंनी झारा खाली ठेवला.

"जेवले होते का?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. त्या माणसासाठी माझ्या डोळ्यांत तेव्हाही पाणी आलं नाही, पण त्या प्रश्नापुढे मान वर करवेना. काकूंनी कढईतली करंजी काढली आणि स्टोव्ह विझवला.