नकाशावरचा लाल उतार

पाणलोटाच्या कामावर आलेल्या मुलीने देवळाच्या सभामंडपात, भिंतीवर आमच्या डोंगराचा नकाशा पाडला. माझा उतार लालभडक, शेजारचा थोरल्या जावेचा हिरवागार. पाऊस, चढ, मातीचा पोत आणि उपग्रहाला दिसणारी झाडी यांचा मेळ घालून संगणक म्हणे अंदाज करतो, कुठून किती माती वाहते. जिथे लाल, तिथेच चर खणणार.

माझं डोकं फिरलं. जावेच्या मुलाने कॉटेज बांधायला जेसीबी लावून तिच्या उतारावर रस्ता कापला होता. गेल्या पावसात त्याचा मुरूम खाली माझ्या भाताच्या खाचरात उतरला. अजून दोन पावसाळे असाच उतरला की खाचर संपलं. चर हवे होते तिच्याकडे.

"खोटा आहे हा नकाशा," मी उभी राहून म्हणाले.

"खोटा कशाला?" जाऊ मागून म्हणाली. "आभालातून बगनाऱ्याला पन कललं, कोनाचा डोंगर उघडा हाय."

मुलगी म्हणाली, "आजी, हे चित्र रस्त्याच्या आधीचं, चैत्रातलं आहे. तेव्हा तुमच्या झाडांवर पालाच नव्हता."

कसा असेल? भाताची रोपं करायच्या जागी आधी फांद्या जाळायच्या, म्हणजे राब. त्यासाठी ऐन-किंजळाची झाडं छाटायची. चौलच्या सपाट वाडीतून आलेली ती नवी नवरी, म्हणजे मीच, चढण चढताना बैलासारखी धापा टाकायची, पण जावेपेक्षा भारा मोठा हवा. जाऊ शेंड्याला चार फांद्या राखी. ही बया झाडाचा खांब करून खाली यायची. सासू म्हणायची, "हिच्या हाताला धार हाय." झालं, ही फुगली. ती धार म्हातारपणी मजूर लावून मी चालूच ठेवली होती.

"पावसात ये आणि डोळ्यांनी बघ," मी मुलीला म्हणाले.

ती आषाढात आली. जावेच्या रस्त्यावरून तांबडं पाणी धो धो येत होतं. तिने फोनवर खुणा केल्या, मी सुखावले. मग ती माझ्या उताराकडे वळली. माझ्या खांबांखालीही हात जाईल एवढे ओघळ पडले होते.

"दोन्हीकडे चर लागतील, आजी. तुमचा नाचणीचा वरचा पट्टा जाईल. आणि दोघींची संमती हवी."

जाऊ संमती देणार नाही, हे मी धरूनच चालले होते. पण आमच्या मागोमाग आलेल्या तिने मुलीला विचारलं, "हिची नाचनी नक्की जानार ना?"

"हो."

"मग कुठं आंगठा लावू, सांग."

तिच्या अंगठ्याची शाई वाळायच्या आत मी सही ठोकली.

उन्हाळ्यात चर झाले. यंदा खाचरात मुरूम आला नाही. नाचणी मी बोर्लीच्या बाजारातून आणते, आणि जाऊ नेमकी तेव्हाच ओटीवर बसलेली असते.

"अगो, नाचनी मिलली का बरी?"

"मिळाली, जाऊबाई. खाचरातलं भातही पोटरीला आलंय, आता लोंब्या सुटतील."