पाचवं पद

मुख्याध्यापकांनी आमच्या गणिताच्या मास्तरांना फसवलं. चूक इन्स्पेक्टरची होती, पण फसवणूक मुख्याध्यापकांची; कारण चूक कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. हे मी आरंभीच सांगून टाकतो. मागाहून भाव बदलणाऱ्यांतला मी नव्हे.

मास्तर फळ्यापाशी उभे राहिले की उजव्या हातात खडू आणि डाव्या हाताची मूठ अशी, की न दिसणारा दोर ओढताहेत. मग आवाज यायचा, “कोणच हाललो नाय, तां पयला!” हे वाक्य ज्यांनी ऐकलं नसेल त्यांना मास्तर कळायचे नाहीत.

मी त्यांच्या अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, वर्गात बसलो तो सव्विसाव्या वर्षी, मिशीसकट. मालवणच्या किनाऱ्यावर लिलावात मासळी घ्यायची आणि बांद्यापर्यंत पोचवायची, हा माझा धंदा. नववीत सुटलेली शाळा मनात सलत होती. मास्तर रविवारी चर्चमधून परतताना माझ्याकडे तारली घ्यायचे आणि कधी घासाघीस करायचे नाहीत. मला त्याचाच राग.

“भाव तरी करा, मास्तर!”

“तू सांगितलंस, माका पटला. गजाल संपली.”

एकदा मीच म्हटलं, मला मॅट्रिक व्हायचंय. ते म्हणाले, “मग दुपारचो ये. पाठच्या बाकार बस. मिशी काडूची गरज नाय.”

द्विपदीचा विस्तार त्यांनी रापणीवर शिकवला. रापण तुम्ही पाहिली असेल. होडी जाळं अर्धगोल टाकत जाते, त्याचे दोन दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडून माणसं ओढतात. मास्तरांनी फळ्यावर अ आणि ब असे दोन दोर काढले. कंसात अ अधिक ब, आणि कंसाचा घात सात. म्हणून गडी सात.

“सगळे सात अ च्या दोरार. ब कडे कोण?”

“कोण नाय!”

“तां पयला पद. आता एक गडी ब कडे गेलो. अ कडे सहा, ब कडे एक. तां दुसरा. मगे पाचव्या पदात ब कडे किती?”

“पाच!” सगळा वर्ग ओरडला. मीही ओरडलो. आम्ही सगळे रापणीच्या गावचे. जागा सोडून धावणारा गडी आम्हाला दिसतो. जागेवर पाय रोवून उभा असलेल्याला कोण मोजतो?

“सायबा माझ्या!” मास्तरांनी कपाळाला खडूचा हात लावला. “कोणच हाललो नाय, तां पयला! म्हणान पाचव्यात ब चे चार, अ चे तीन. सातांतले चार गडी निवडूच्यो तऱ्हा पस्तीस, म्हणान पुढे पस्तीस.” कोणी घातांची बेरीज आठ केली तर विचारायचे, “आठवो खंयसून इलो रे? गोव्यासून?”

त्याच वर्षी शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले. त्यांनी नेमकं तेच विचारलं आणि मिशीवाला विद्यार्थी बघून मलाच उभं केलं. मी म्हटलं, “पस्तीस, अ चा घात तीन, ब चा घात चार.”

“चूक. पाचवं पद, म्हणजे ब चा घात पाच. एकवीस, अ चा घात दोन, ब चा घात पाच.”

“साहेब, पहिलं पद मोजायचं विसरलात!” बोलता बोलता माझी मूठ बाकावर आदळली. लिलावातली सवय.

“हा वर्ग आहे की मासळीबाजार?”

मास्तर शांतपणे म्हणाले, “बाजारातला असला तरी हिशेब त्याचा बरोबर आहे, साहेब.”

शाळेच्या वहीत शेरा पडला: बीजगणित कच्चे, वर्गात शिस्त नाही. मुख्याध्यापकांनी स्वतः बीजगणित शिकवलेलं. त्यांनी मास्तरांना खोलीत बोलावलं. मी दाराबाहेर होतो. “तुमचंच बरोबर आहे हो,” ते म्हणाले, “पण साहेबांना ते सांगायचं कोणी? चूक झाली अशी चिठ्ठी लिहा. अकरावीचा वर्ग तुमच्याकडेच राहील, माझा शब्द.”

मी मास्तरांना तोड सुचवली. “अर्धी माफी मागा. शिस्तीची मागा, पदाची नको.”

“शिस्तीची तू माग. मूठ तुझी.” ते हसले. “आणि पाचव्या पदाक सहाव्या जाग्यार बसवूक पदां काय तारली आसत?”

मी माफी मागितली नाही. तेव्हा माझा ताठा मोठा होता. आज वाटतं, दोन ओळी खरडल्या असत्या तर शेऱ्यातलं अर्धं वाक्य तरी माझ्या नावावर आलं असतं.

मास्तरांनी चिठ्ठी मात्र लिहिली. तीत आठही पदं ओळीने मांडली आणि पहिल्याखाली लिहिलं, ‘येथून मोजावे.’ खाली सही. बस.

पुढच्या सोमवारी अकरावीचा वर्ग त्यांच्याकडून गेला. त्यांना पाचवी दिली, पाढे घ्यायला. मुख्याध्यापकांनी सगळ्यांना सांगितलं, “मास्तरांनी चूक लेखी कबूल केली.” ती चिठ्ठी कोणालाही दाखवली नाही. फसवणूक म्हणतो ती ही.

मी मॅट्रिक झालो. पेढे घेऊन गेलो तर मास्तर पाचवीच्या पोरांकडून तेराचा पाढा म्हणवून घेत होते. डावी मूठ तशीच, दोर धरल्यासारखी. वरच्या वर्गाचं गणित त्यांना परत मिळालं नाही. चार वर्षांनी ते गेले. शवपेटीत त्यांचे हात नीट जुळवून ठेवले होते. मला तेही पटलं नाही.

परवा शाळेत जाऊन म्हटलं, तो शेरा खोडा. नवे मुख्याध्यापक म्हणाले, “जुनी गोष्ट, आता कशाला?” जुने मुख्याध्यापक निवृत्त होऊन शिरोड्याला माडांच्या सावलीत बसतात. त्यांना माझं सांगणं आहे: एकदा या. त्या चिठ्ठीसकट या. फळा पुसून ठेवतो, मी पाठच्या बाकावर बसतो. सगळ्या गावासमोर बोट ठेवून मोजा आणि सांगा, पहिलं पद कोणतं?