कोरसमधलं एक अक्षर

तबकडीवाल्याचं दुकान म्हणजे छोटं नाट्यगृहच होतं. गिऱ्हाईक आलं की तो त्याला स्टुलावर बसवायचा, तबकडीची एक बाजू पूर्ण ऐकवायचा आणि चेहरा बघून पुढची काढायचा. "घेऊ नका हो, नुसतं ऐका!" म्हणायचा, आणि लोक घेऊनच जायचे. पुढे गाणी फोनमध्ये उतरायला लागली आणि एके दिवशी शटर पडलं ते कायमचंच.

लेकीने त्याला आपल्या दोन खोल्यांत आणलं. "बाबा, एवढ्या तबकड्या ठेवू कुठे, डोक्यावर? सगळी गाणी डाउनलोड करून देते. एकही हरवणार नाही, शब्द दिला." तो हो म्हणाला. खोकी जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे गेली.

पोरीने खपून गाणी उतरवली. मग हेडफोन त्याच्या कानांवर चढवला. "आधी आईचं!"

त्याची बायको कोरसमध्ये मागच्या रांगेत गायची. तिचा आवाज कधी वेगळा कळायचा नाही. या एकाच गाण्यात, दुसऱ्या कडव्यानंतर, ती सगळ्यांच्या आधी सुरू झाली होती. एकच अक्षर, तिचं एकटीचं. लगेच घाबरून गप्प. पुन्हा वादक जमवणं परवडेना, म्हणून तबकडीच्या कंपनीने गाणं तसंच बाजारात आणलं. बिचारी जन्मभर लाजली. "लेकीला सांगाल तर बघा!" ती गेल्यावर तो रोज तबकडी लावून त्या अक्षराची वाट बघायचा.

त्याने डोळे मिटले. दुसरं कडवं संपलं. सगळ्याजणी एकदम सुरू झाल्या, अगदी वेळेवर. कंपनीने नव्या प्रतीतून चूक काढून टाकली होती.

"खरखर नाही, काही नाही! कसं वाटतंय?"

"आरशासारखं लख्ख," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने व्यापाऱ्याला गाठलं.

"काका, तुमच्या तबकड्यांची भिंतीवरची घड्याळं झाली की! मधलं भोक आयतंच मिळतं."

तो हसला. पुरा जन्म गिऱ्हाइकांशी हसून बोलण्यात गेला होता.

"कुठे गेला होतात?" घरी लेकीने विचारलं.

"पाय मोकळे करायला."

तिने फोन टेबलावर ठेवून तेच गाणं मोठ्याने लावलं आणि ती भाजी चिरायला बसली. दुसरं कडवं संपता संपता तो आपल्या फाटक्या आवाजात सगळ्यांच्या आधी एक अक्षर गायला आणि थांबला.

"अहो बाबा, घाई केलीत!" लेक खळखळून हसली.

"हो गं," तो म्हणाला. तोंड खिडकीकडे वळवून त्याने चाचपडत फोन उचलला. "पुन्हा सुरुवातीपासून कसं लावायचं, तेवढं दाखव."