गुलाबबाईंचा हात

छत्तीसगडातल्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत गुलाबबाईंचा सगळा जन्म स्वतःला आवरण्यात गेला. वर्ध्याकडून सून होऊन आल्या तेव्हापासून सासऱ्यांपुढे हसणं आवरलं, नवऱ्यापुढे बोलणं आवरलं. शेजारणींना तर ही बाई मुकीच वाटायची, आणि त्यात शेजारणींचं काही चुकत नव्हतं.

पंचाहत्तरी उलटली आणि गुलाबबाई सुनेची, सीमाची, नक्कल करू लागल्या. सीमा पोळ्या लाटायला लागली की पाटावर बसल्या बसल्या यांचे रिकामे हात हवेत लाटायचे. सीमाने मान खाजवली की यांचीही बोटं मानेकडे जायची. चेहरा मात्र कोरा. दुर्गच्या डॉक्टरांनी समजावलं, की समोरच्याचं पाहून आपलेही हात हलू पाहतात. मेंदूतल्या 'थांब' म्हणणाऱ्या नसा त्यांना दाबून धरतात. म्हातारपणी काहींच्या त्या नसा ढिल्या पडतात.

सीमाला पटलं, पण भीती काही गेली नाही. ती सासूकडे पाठ करून जेवू लागली. आईंना नागपूरच्या वृद्धाश्रमात ठेवा, म्हणून तिने नवऱ्याच्या मागे लकडा लावला. पराग म्हणाला, आईनं कोणाला इजा केली, तर त्याच दिवशी नेऊन सोडीन.

एका दुपारी सीमा केस विंचरत होती. आरशात तिच्या मागे तेच हात, तसाच भांग, फक्त कंगवा नव्हता. सीमाचं डोकं फिरलं. वळून तिने हात उगारला आणि अर्ध्यावरच थांबवला. समोरचाही हात उठला होता. तो थांबला नाही.

सीमाच्या गालावर पाच बोटं उमटली. गुलाबबाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुह्या हाताले कोनीतरी अडवलं, बाई. माह्याले अडवनारं आता कोनी राह्यलं नाही."

संध्याकाळी परागने गाल पाहिला. आईनं मारलं का, एवढंच त्याने विचारलं. सीमाला हवं होतं तेच झालं होतं. एक 'हो' पुरे होता. समोर दारात सासू उभी होती, नजर सुनेच्या तोंडावर. सीमा 'हो' म्हणायला गेली, तर सासूचेही ओठ तसेच गोल झाले. आपला 'हो' त्या तोंडावर पाहून सीमाला स्वतःची किळस आली.

"पहिले मीच हात उगारला," ती म्हणाली. "आई कुठीच नाही जानार."

पराग काही बोलायच्या आत दारातून आवाज आला, अगदी सीमाच्याच सुरात, "आई कुठीच नाही जानार."